न बोलणारे दुखणे

[हृदय दुबळे होऊ लागले, तरी सुरुवातीला माणसाला त्याचा त्रास जाणवत नाही. त्रास जाणवू लागतो तेव्हा बराच काळ निघून गेलेला असतो. त्रास सुरू होण्यापूर्वीच हा दुबळेपणा कसा ओळखता येतो आणि तो वेळेवर ओळखल्याने काय फरक पडतो, हे या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, पाठ वाचण्यापूर्वी एक काम करा. उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा आणि हलकेच दाबा. बोटांना ठोके जाणवतील. ही तुमची नाडी. उर्दूत आपण हिला नब्ज म्हणतो. आता घड्याळाकडे पाहून एक मिनिट ठोके मोजा. स्वस्थ बसलेले असताना तुमच्या वयाच्या मुलामुलींचे ठोके साधारणपणे ६० ते १०० च्या दरम्यान भरतात.

मिनिटाला ७० ठोके धरले, तर दिवसाचे किती होतील? १ लाख ८००! तुम्ही झोपलेले असता, तेव्हाही हे काम थांबत नाही. मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. घरातील १५ लिटरची बादली धरली, तर ४८० बादल्या झाल्या. एवढे काम करणारा हा अवयव आपल्या मुठीएवढा असतो.

हृदयात चार कप्पे असतात. उजव्या बाजूचे कप्पे शरीरातून आलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवतात. तेथे रक्तात प्राणवायू मिसळतो. ते रक्त डाव्या बाजूला येते आणि तेथून सर्व शरीरात जाते. रक्त उलट दिशेने जाऊ नये म्हणून हृदयात चार झडपाही असतात. उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे जाते, ही गोष्ट १३ व्या शतकात कैरो येथील हकीम इब्न अन-नफीस यांनी लिहून ठेवली होती. पुढे १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी रक्त सर्व शरीरात कसे फिरते, हे प्रयोगांनी सिद्ध केले.

या पाठात आपल्याला डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याचा विशेष विचार करायचा आहे. सर्व शरीराला रक्त पुरवण्याचे काम त्याच्याकडे असते.

'हार्ट फेल' म्हणजे काय?

"अमुक माणसाचे हार्ट फेल झाले," असे आपण ऐकतो. बोलताना लोक त्याचा अर्थ 'माणूस गेला' असा घेतात. डॉक्टरांच्या भाषेत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. शरीराला लागते तेवढे रक्त पुरवणे हृदयाला जड जाऊ लागले, की डॉक्टर त्याला 'हार्ट फेल्युअर' म्हणतात. हृदय बंद पडलेले नसते. ते चालू असते, पण दुबळे किंवा ताठर झालेले असते.

हृदयविकाराचा झटका आणि हे दुखणे, या दोन गोष्टीही निराळ्या आहेत. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी एकाएकी बंद होते. हृदयाचा दुबळेपणा बहुधा हळूहळू वाढतो. झटक्यामुळे हृदयाचा काही भाग मरतो आणि पुढे दुबळेपणा येतो, असे मात्र पुष्कळदा घडते. अनेक वर्षांचा वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि खराब झालेल्या झडपा हीसुद्धा त्याची मोठी कारणे आहेत.

दुखणे वाढले, की माणसाला चालताना धाप लागते. पायांवर सूज येते. रात्री आडवे झाल्यावर दम कोंडतो आणि उठून बसावे लागते. थोड्या कामाने थकवा येतो. ही लक्षणे दिसली, की घरचे लोक दवाखान्यात धाव घेतात. परंतु लक्षणे आज दिसली, म्हणून दुखणे आज सुरू झाले असे नसते. ते काही महिने, कधी कधी तर काही वर्षे आधीच सुरू झालेले असते. मग इतके दिवस ते कळले का नाही?

हृदय दुबळेपणा कसा झाकते?

याचे उत्तर एका सोप्या हिशेबात आहे. निरोगी माणसाच्या डाव्या कप्प्यात समजा १२० मिलिलिटर रक्त भरले. एका ठोक्यात त्यातील ७२ मिलिलिटर बाहेर गेले. म्हणजे भरलेल्या रक्तापैकी ६० टक्के रक्त बाहेर पडले. कप्पा कधीही पूर्ण रिकामा होत नाही. निरोगी हृदयात हे प्रमाण साधारणपणे ५५ ते ७० टक्के असते.

आता समजा, हृदयाचे स्नायू दुबळे झाले आणि हे प्रमाण ४० टक्क्यांवर आले. १२० मिलिलिटरचे ४० टक्के म्हणजे ४८ मिलिलिटर. एवढ्या रक्ताने शरीराचे भागणार नाही. मग हृदय काय करते? त्याचा कप्पा हळूहळू ताणला जातो, मोठा होतो. त्यात आता १८० मिलिलिटर रक्त मावते. १८० चे ४० टक्के किती? ७२ मिलिलिटर!

पाहा, दोन्ही हृदयांतून बाहेर पडलेले रक्त सारखेच आहे. एक हृदय निरोगी आहे, दुसरे दुबळे आहे. पण शरीराला दोन्हीकडून ७२ मिलिलिटरच मिळाले. म्हणून दुबळ्या हृदयाचा माणूसही बाजारात जातो, कामावर जातो आणि विचारले तर "माझी तब्येत चांगली आहे," असे सांगतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच त्रास होत नसतो.

शरीर आणखीही काही उपाय करते. हृदयाचे ठोके वाढवते. रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब टिकवते. मूत्रपिंडे मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवतात. या उपायांनी काही काळ काम भागते, पण त्यांचा बोजा पुन्हा त्याच दुबळ्या हृदयावर पडतो.

एखाद्या घरातील कमाई कमी झाली आणि घरच्यांनी कर्ज काढून खर्च चालू ठेवला, तर काय होते? चूल रोज पेटते, मुले शाळेत जातात. शेजाऱ्यांना काहीच कळत नाही. आत मात्र व्याज वाढत असते. एक दिवस कर्ज फेडणे अशक्य होते आणि मग साऱ्या गावाला कळते. दुबळ्या हृदयाचेही असेच आहे. जास्त ताणलेला कप्पा पुढे पुढे आणखी दुबळा होतो. मग धाप लागते, सूज येते. तोपर्यंत शरीराजवळची शिल्लक संपत आलेली असते.

चार पायऱ्या

२००१ साली अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी या दुखण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर हृदय चांगले असते, पण रक्तदाब, मधुमेह यांसारखा धोका असतो. दुसऱ्या पायरीवर हृदयात बिघाड झालेला असतो, पण त्रास काहीच नसतो. तिसऱ्या पायरीवर त्रास सुरू होतो. चौथ्या पायरीवर नेहमीचे उपचारही पुरे पडत नाहीत.

बहुतेक लोक डॉक्टरांकडे जातात ते तिसऱ्या पायरीवर पोचल्यानंतर. पण लक्षात घ्या, पहिल्या दोन पायऱ्यांवर माणसाला काहीच जाणवत नाही आणि दुखणे रोखण्याची चांगली संधी तेथेच असते. ज्याला काही दुखत नाही, त्याचे दुखणे ओळखायचे कसे, हा प्रश्न डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने सोडवला.

कान, तार, प्रतिध्वनी आणि रक्त

पूर्वी डॉक्टर रोग्याच्या छातीला कान लावून हृदय ऐकत. १८१६ साली पॅरिसमधील डॉक्टर रेने लेनेक यांना एका तरुणीचे हृदय तपासायचे होते. तिच्या छातीला कान लावणे त्यांना संकोचाचे वाटले. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, तिचे एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले! यातूनच स्टेथोस्कोप तयार झाला. झडप नीट मिटत नसेल, तर ठोक्यांबरोबर फुसफुस असा जादा आवाज येतो. तो या नळीने ऐकू येतो.

हृदय आकुंचन पावते तेव्हा त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. हॉलंडमधील विलेम आइंथोव्हेन यांनी २० व्या शतकाच्या सुरुवातीला अतिशय बारीक तारेच्या साहाय्याने ही वीज नोंदवणारे यंत्र बनवले. ते यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते. रोग्याला हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. या कामासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्याला 'ई.सी.जी.' म्हणतो, ती तपासणी यातूनच आली. आता ते यंत्र एका हातात उचलता येते.

तिसरे साधन तर जहाजाच्या कारखान्यातून आले. पोलादाच्या आत तडा आहे की नाही, हे पाहण्यासाठी कारखान्यात ध्वनिलहरी वापरत असत. या लहरी आपल्या कानांना ऐकू येत नाहीत. पोलादातून जाताना तडा लागला, की त्या परत फिरतात. १९५३ साली स्वीडनमधील लुंड या गावी डॉक्टर इंगे एड्लर आणि पदार्थवैज्ञानिक हेल्मुथ हेर्त्स यांनी याच लहरी माणसाच्या छातीतून पाठवल्या. हलत्या हृदयावर आपटून त्या परत आल्या आणि हृदयाची हालचाल नोंदवली गेली. डोंगरावर हाक मारल्यावर तीच हाक परत ऐकू येते, तिला आपण प्रतिध्वनी म्हणतो. ही तपासणीही प्रतिध्वनीवरच चालते. तिला 'इको' म्हणतात.

इको करताना सुई टोचत नाहीत आणि दुखतही नाही. छातीवर थोडी ओली मलमासारखी जेली लावून एक लहान उपकरण फिरवतात. पडद्यावर हृदय हलताना दिसते. झडपा उघडतात, मिटतात, तेही दिसते. कप्पा किती मोठा झाला आणि त्यातून किती टक्के रक्त बाहेर गेले, हे मोजता येते. वरच्या हिशेबातील ६० आणि ४० हे आकडे डॉक्टरांना मिळतात ते इकोतून. त्यामुळे आतापर्यंत लपून राहिलेला दुबळेपणा उघड्या डोळ्यांनी पाहता येऊ लागला.

चौथे साधन म्हणजे रक्ताची तपासणी. १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत एक नवा पदार्थ सापडला. त्याला 'बी.एन.पी.' असे नाव मिळाले. पुढे कळले, की हा पदार्थ मुख्यतः हृदयात तयार होतो. हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या, की तो रक्तात वाढतो. म्हणून रक्ताच्या थोड्या नमुन्यावरून 'हृदयावर ताण आहे काय?' हा प्रश्न विचारता येतो. उत्तर 'असावा' असे आले, तर पुढे इको करून खात्री करतात.

वेळेवर ओळखून काय साधते?

त्रास नसताना दुखणे शोधून काढले, पण त्यावर इलाजच नसेल, तर शोधून उपयोग काय? उलट माणूस काळजीने झुरेल. म्हणून डॉक्टरांनी हेही पारखून पाहिले.

१९९२ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ४,२२८ माणसे होती. त्यांच्या डाव्या कप्प्यातून ३५ टक्के किंवा त्याहून कमी रक्त बाहेर जात होते, पण हार्ट फेल्युअरसाठी त्यांचे कोणतेही औषध चालू नव्हते. म्हणजे ही माणसे दुसऱ्या पायरीवर होती. निम्म्या लोकांना एनालाप्रिल नावाची गोळी दिली. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते आणि हृदयावरचा बोजा कमी करते. उरलेल्या निम्म्या लोकांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. सरासरी तीन वर्षांहून थोडा अधिक काळ सर्वांवर नजर ठेवली. औषध न मिळालेल्यांपैकी ६४० जणांना हार्ट फेल्युअर झाले. औषध मिळालेल्यांत हा आकडा ४३८ होता. दोनशेहून अधिक माणसे त्या काळात तिसऱ्या पायरीवर जाण्यापासून वाचली. त्यांना काही दुखत नव्हते, तरीही औषध त्यांच्या उपयोगी पडले.

हे तुमच्या वयाच्या मुलांनाही होते

आतापर्यंतचा पाठ वाचून तुम्हांला वाटेल, की हे म्हाताऱ्या माणसांचे दुखणे आहे. तसे नाही. एक कारण असे आहे, की त्याची सुरुवात ५ ते १५ वर्षांच्या मुलांत होते.

घसा दुखतो, ताप येतो. अशा बहुतेक घसादुखी साध्या असतात आणि आपोआप बऱ्या होतात. काही वेळा मात्र ती स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे होते. शरीर त्या जिवाणूशी लढते. घसा बरा होतो. पण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी शरीराची हीच लढाई चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. आज गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा सुजतो. पुन्हा ताप येतो. याला संधिवाताचा ताप म्हणतात. डॉक्टर त्याला 'रूमॅटिक फीवर' म्हणतात. सांध्यांची सूज काही दिवसांत जाते आणि मागे खूण राहत नाही. हृदयाच्या झडपांवर मात्र व्रण राहू शकतात. पुन्हा पुन्हा असा ताप आला, तर झडप जाड होते, नीट उघडत नाही किंवा मिटत नाही. मूल खेळत असते, पळत असते. काही वर्षांनी, कधी तरुणपणी, धाप लागू लागते. मुलींच्या बाबतीत पुष्कळदा पहिल्या बाळंतपणाच्या वेळी हे उघड होते आणि जिवावर बेतते.

हे आधी कळेल काय? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबोडिया आणि मोझांबिक या देशांतील शाळकरी मुलांना दोन प्रकारे तपासले. कंबोडियात ३,६७७ मुले होती. स्टेथोस्कोप वापरून केलेल्या तपासणीत ८ मुलांच्या झडपा बिघडलेल्या आढळल्या. इकोने तपासल्यावर ती संख्या ७९ झाली. मोझांबिकमध्ये २,१७० मुले होती. तेथे हे आकडे ५ आणि ६६ असे होते. म्हणजे कानाने एक मूल सापडले, तेथे इकोने सुमारे दहा किंवा त्याहून अधिक मुले सापडली. ही मुले शाळेत येत होती, त्यांना कसलाच त्रास नव्हता.

या मुलांसाठी काही करता येते काय, हे पाहण्यासाठी युगांडा देशात एक लाखाहून अधिक मुलांची इको तपासणी झाली. त्यांतून ५ ते १७ वर्षांची ८१८ मुले निवडली. त्यांच्या झडपांत सुरुवातीचा, लपलेला बिघाड होता. निम्म्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले. निम्म्यांना दिले नाही, पण त्यांच्यावर लक्ष ठेवले. दोन वर्षांनंतर पुन्हा इको केला. इंजेक्शन न मिळालेल्या ४०० मुलांपैकी ३३ जणांच्या झडपा अधिक बिघडल्या होत्या. इंजेक्शन मिळालेल्या ३९९ मुलांपैकी फक्त ३ जणांच्या. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. पेनिसिलिन हे काही नवे किंवा फार महाग औषध नाही. ते योग्य मुलाला योग्य वेळी मिळाले, एवढाच फरक होता.

या हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. इंजेक्शन न मिळालेल्या ४०० मुलांपैकी ३६७ मुलांचा बिघाड त्या दोन वर्षांत वाढला नाही. म्हणून इकोत काही दिसले, तर घाबरून मुलाचे खेळणे, शाळा बंद करू नये. पुढे काय करायचे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आपल्या देशात 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' आहे. त्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रातील पालघर येथे झाली. या कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊन मुलांची तपासणी करते. ज्या दुखण्यांसाठी तपासणी होते, त्यांत संधिवाताच्या तापाने होणारा हृदयरोगही आहे. शंका आली, तर मुलाला पुढील तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवतात. असे पथक शाळेत येते, तेव्हा काही मुले लाजून मागे राहतात. काही जण त्या दिवशी शाळेलाच येत नाहीत. तुम्ही असे करू नका. पूर्वी सांधे सुजले होते, ताप आला होता, हे डॉक्टरांना जरूर सांगा.

आपण काय करावे?

प्रत्येकाने उठून इको करून घ्यावा, असे या पाठाचे सांगणे नाही. ज्याला धोका आहे, त्याला डॉक्टर स्वतः ती तपासणी सांगतात. आपण मात्र काही साध्या गोष्टी करू शकतो.

घसा फार दुखत असेल, ताप असेल, गिळता येत नसेल आणि मानेच्या गाठी सुजल्या असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. डॉक्टरांनी औषध दिले, तर ते सांगितले तितके दिवस घ्यावे. दोन दिवसांत बरे वाटले, म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नयेत. संधिवाताचा ताप होऊन गेलेल्या मुलाने इंजेक्शनची तारीख चुकवू नये.

घरातील मोठ्या माणसांचा रक्तदाब मोजून घ्यावा. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त भरत असेल, तर त्यावर इलाज करावा लागतो. वाढलेला रक्तदाबही बहुधा दुखत नाही. म्हणून "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" असे अनेक जण म्हणतात. त्यांना वरचा ७२ मिलिलिटरचा हिशेब समजावून सांगा. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांनीही गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. सेहरी आणि इफ्तारच्या वेळी त्या कशा घ्यायच्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. दादीला जिना चढताना आता मध्येच थांबावे लागते. नानांना रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही. अब्बांचे जोडे संध्याकाळी घट्ट होतात. घरात सारे म्हणतात, "वय झाले आता." वय तर होतेच, पण वय झाले म्हणून हे सोडून देऊ नये. ही तिसऱ्या पायरीची सुरुवात असू शकते. तुम्ही घरात लहान असाल, तरी शिकलेले आहात. अदबीने पण आग्रहाने सांगा, "एकदा डॉक्टरांना दाखवू या. मी तुमच्याबरोबर येतो."

दुखणे स्वतः बोलत नसेल, तर ते बोलू लागण्याची वाट पाहू नये. वेळ असतानाच आपण त्याची चौकशी करावी.

शब्दार्थ

झडप – एकाच बाजूला उघडणारे छोटे दार
कप्पा – खण, खाना
धाप लागणे – दम लागणे
ताठर – न लवणारे, कडक
आकुंचन पावणे – आवळले जाणे
मूत्रपिंड – शरीरात लघवी तयार करणारा अवयव, गुर्दा
फुप्फुस – श्वास घेण्याचा अवयव, फेफडा
सूक्ष्म – फार बारीक
व्रण – जखमेची खूण
निष्कर्ष – अभ्यासातून निघालेला अर्थ, नतीजा

वाक्प्रचार

जड जाणे – कठीण होणे
धाव घेणे – घाईने जाणे
जिवावर बेतणे – प्राणांवर संकट येणे
नजर ठेवणे – लक्ष ठेवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हृदयात किती कप्पे आणि किती झडपा असतात?
(आ) लेनेक यांनी हृदय ऐकण्यासाठी प्रथम कशाचा उपयोग केला?
(इ) इको या तपासणीचे तत्त्व कोणत्या कारखान्यात वापरले जात होते?
(ई) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात कोठे झाली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) दुबळ्या हृदयाच्या माणसालाही आपली तब्येत चांगली वाटते.
(आ) घसा बरा वाटला, तरी डॉक्टरांनी दिलेले औषध पूर्ण घ्यावे.
(इ) इकोत थोडा बिघाड दिसला, तरी मुलाचे खेळणे लगेच बंद करू नये.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने कर्जबाजारी घराचे उदाहरण कशासाठी दिले आहे?
(आ) युगांडातील अभ्यासातून काय दिसून आले?

प्र. ४. हिशेब करून सांगा.
एका हृदयाच्या डाव्या कप्प्यात १४० मिलिलिटर रक्त भरते आणि त्यातील ५० टक्के बाहेर जाते. दुसऱ्या हृदयाच्या कप्प्यात २०० मिलिलिटर रक्त भरते आणि ३५ टक्के बाहेर जाते. दोन्हींतून किती रक्त बाहेर जाईल? यांपैकी दुबळे हृदय कोणते? कसे ओळखले?

प्र. ५. भाषाभ्यास
(अ) तब्येत, इलाज, नजर, जरूर, हिशेब हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा. त्यांच्या उच्चारांत काय फरक आहे, ते वर्गात सांगा.
(आ) उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत. 'तो ठोका, ती झडप, ते हृदय' याप्रमाणे पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा : कप्पा, नाडी, रक्त, घसा, सूज, औषध.
(इ) पाठाखाली दिलेल्या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : घरातील मोठ्या माणसांना त्यांचा रक्तदाब शेवटी केव्हा मोजला होता, ते विचारा. वर्षभरात मोजला नसेल, तर त्यांच्याबरोबर जवळच्या आरोग्य केंद्रात जा. तेथे काय पाहिले, ते दहा ओळींत मराठीत लिहा.